गारांवर तोफ : सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका उपायाची गोष्ट



मागच्या हंगामात निफाड तालुक्यातील एका गावी जाण्याचा प्रसंग आला. चार दिवसांपूर्वी तेथे गारपीट होऊन गेली होती. द्राक्षाच्या वेलींखाली मण्यांचा सडा पडला होता, काड्यांवर जागोजागी गारांचे वार होते आणि शेजारच्या रानात कांद्याची पात चिंध्या होऊन लोळत होती. पंचनाम्याचे काम आटोपून आम्ही मारुतीच्या पारावर टेकलो. चहा आला. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग एका बागाईतदाराने विषय काढला.

"साहेब, गारा फोडायची तोफ निघालीय म्हणतात. गॅसचा बार होतो, दणका थेट आभाळात जातो अन् वर गार तयारच होत नाही. गावानं मिळून वर्गणी काढावी असा विचार चाललाय. तुमचं काय मत?"

मी उत्तर देण्याआधीच मागे उभी असलेली एक माउली म्हणाली, "भाऊसाहेब, वर्गणी म्हणजे माझ्या बागेच्या औषधाचे पैसे. द्यायचे तर देईन. पण आधी एवढं सांगा, तिनं गार थांबते का?"

प्रश्न सरळ होता आणि त्यामागे घामाचा पैसा होता. मी म्हणालो, "आज होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. नीट वाचून पंधरा दिवसांनी येतो." तो शब्द पाळताना जे वाचले ते तुमच्यापुढे ठेवतो आहे, कारण हा प्रश्न त्या एका गावाचा नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारांनी जो धुमाकूळ घातला तो आपण विसरलेलो नाही. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस निफाडच्या द्राक्षबागांवर कोसळलेली गारपीट तर कालची गोष्ट वाटते. गार केवळ पिकावरच उठते असेही नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर भारतात मुरादाबादेजवळ गारांच्या माऱ्याने २४६ माणसे दगावली. गारपिटीने घेतलेल्या बळींचा तो आजही जगातील सर्वांत मोठा नोंदलेला आकडा आहे.

तेव्हा गार थांबविण्याचे साधन कोणी देत असेल तर आपण कान टवकारणारच. पण ही तोफ नवी नाही. तिचा शोध तुमच्या-आमच्यासारख्याच एका द्राक्ष बागाईतदाराने लावला होता. त्याची गोष्ट ऐका.

घंटा आणि घंटा वाजविणारे

आभाळ काळे झाले की मोठा आवाज करावा, म्हणजे वादळ पळते, ही समजूत युरोपात फार जुनी होती. खेडोपाडी देवळाच्या मनोऱ्यावर चढून घंटा बडवीत. घंटेचा नाद ढग फोडतो असे लोकांना वाटे. पण गावातील सर्वांत उंच जागा म्हणजे तो मनोरा, आणि वीज उंच जागाच आधी गाठते. १७८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पुस्तकात नोंद आहे की त्याआधीच्या ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजविणारी १०३ माणसे मेली. गार थांबली की नाही ते कळले नाही, दोर ओढणारे मात्र गेले.

काही ठिकाणी घंटेऐवजी तोफा आणि बंदुका डागीत. त्यातून वेगळेच भांडण उभे राहिले. एका गावाने बार काढावा आणि शेजारच्या गावाने म्हणावे, "तुम्ही तुमची गार आमच्यावर लोटलीत!" अशी भांडणे वाढली तेव्हा ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने १७५० मध्ये ढगांवर बार काढण्यास बंदी घातली. पाण्याच्या पाळीवरून बांधावर होणारी भांडणे आपण पाहतो. तेथे ती आभाळावरून होत होती.

स्टिगरची तोफ

पुढे १८८० मध्ये इटलीतील बोलोन्या येथील बॉम्बिच्ची नावाच्या खनिजशास्त्राच्या प्राध्यापकाने असा तर्क मांडला की ढगात धुराचे कण पोचविले तर गार बनण्याच्या क्रियेत अडथळा येईल. तर्क कागदावर राहिला. तो रानात आणला आल्बर्ट स्टिगर याने.

ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात स्टिरिया नावाचा प्रांत होता. त्यातील विंडिश-फाइस्ट्रिट्झ या गावचा स्टिगर हा द्राक्ष बागाईतदार आणि नगराध्यक्षही. आज ते गाव स्लोव्हेनिया देशात आहे आणि त्याचे नाव स्लोव्हेन्स्का बिस्त्रित्सा असे आहे. डोंगरउतारावर द्राक्षमळे आणि वर्षामागून वर्षे गारांचा तडाखा, अशी त्या भागाची स्थिती होती. १८९६ मध्ये स्टिगरने एक उखळी तोफ उभी केली. तिच्या तोंडावर लोखंडी पत्र्याचा, तोंड आभाळाकडे केलेला मोठा कर्णा बसविला. आपले तेल ओतायचे नरसाळे उलटे न करता सरळ उभे धरावे, आणि ते माणसापेक्षा उंच असावे, अशी कल्पना करा. खाली बंदुकीची दारू भरायची, बत्ती द्यायची. कानठळ्या बसविणारा बार होई आणि कर्ण्यातून धुराचे एक कडे शीळ घालीत वर जाई. ते कडे इतके जोरदार असे की आडवे सोडले तर जवळची हलकी लक्ष्ये तोडून टाकी.

स्टिगरने आपल्या मळ्यांभोवती अशा तोफांची ठाणी बसविली. ढग दिसला की सगळी ठाणी एकदम बार काढू लागत. १८९६ मध्ये त्या भागात गार पडली नाही. १८९७ मध्येही पडली नाही.

मंडळी, आपण त्या जागी असतो तर काय म्हटले असते? "तोफेने गार थांबविली" असेच ना? तेथील लोकांनीही तेच म्हटले.

दहा हजार तोफा

ही वार्ता इटलीच्या द्राक्षमळ्यांत पोचली आणि वणवा लागावा तशी पसरली. १८९९ मध्ये इटलीत सुमारे दोन हजार तोफा होत्या. १९०० मध्ये त्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. कारखाने उभे राहिले, नवनव्या बनावटीचे कर्णे निघाले, शेतकऱ्यांनी संघ काढले, वर्गण्या गोळा झाल्या. गारांवरील तोफांसाठी आंतरराष्ट्रीय परिषदाही भरल्या. १८९९ मध्ये इटलीत कासाले मोन्फेरातो येथे, १९०० मध्ये पादुआ येथे आणि १९०१ मध्ये फ्रान्समध्ये ल्यों शहरी. प्रत्येक परिषदेत समाधानी शेतकऱ्यांचे दाखले वाचले जात.

पण काही गोष्टी खटकत होत्या. तोफा फुटून आणि दारू भडकून माणसे दगावत होती, जायबंदी होत होती. आणि दर वर्षी कोठे ना कोठे तोफा असलेल्या गावांवरही गार पडत होती. अशा वेळी उत्तर तयार असे. बार उशिरा काढला, तोफा कमी होत्या, दारू ओली होती, शेजारच्या गावाने साथ दिली नाही. म्हणजे गार पडली नाही तर श्रेय तोफेला आणि पडली तर दोष तोफ डागणाऱ्याला! या हिशेबात तोफ कधी हरणारच नाही.

व्हिएन्नाच्या हवामान खात्याचे प्रमुख पेर्न्टर यांनी आपल्या सहकाऱ्यासह धुराचे कडे किती उंच जाते याची मोजमापे घेतली. ते काहीशे मीटरवर विरून जाते असे आढळले. गारेचा ढग तर कित्येक हजार मीटर उंच असतो.

शेवटी १९०२ मध्ये ग्राट्झ शहरी परिषद भरली तेव्हा वाद विकोपाला गेला होता. जाणकारांनी शहाणपणाचा मार्ग काढला. दाखले पुरे झाले, आता सरकारी देखरेखीखाली रीतसर चाचणी घ्यावी. दोन जागा ठरल्या. एक स्टिगरचे स्वतःचे गाव आणि दुसरी इटलीतील कास्तेलफ्रांको व्हेनेतो. दोन्हीकडे तोफांची भरपूर ठाणी, हुशार माणसे, कोरडी दारू. कसलीही सबब उरू नये असा बंदोबस्त होता. १९०३ आणि १९०४ असे दोन हंगाम चाचणी चालली.

दोन्ही ठिकाणी गारा पडल्या आणि पिकांचे नुकसान झाले. १९०५ नंतर तोफा हळूहळू थंडावल्या. जिने आठ-नऊ वर्षे शेतकऱ्यांना आशा दिली ती तोफ इतिहासजमा झाली.

आवाजाची भिंत

आता तुम्ही विचाराल, एवढा मोठा दणका होतो, त्यात काहीच जोर नाही का? जोर आहे. पण तो कसा असतो आणि कोठवर टिकतो हे समजून घेतले पाहिजे.

आवाज म्हणजे हवेतून धावणारी दाबाची लाट. आपण बोलतो तेव्हा हवेवरचा दाब इतका किंचित वाढतो की लाटेचा माथा आणि पायथा एकाच वेगाने, साधारण सेकंदाला ३४० मीटर, पुढे जातात. बार मोठा झाला की गंमत होते. लाटेच्या माथ्याशी हवा जोरात दाबली जाते, म्हणून ती तापते. तापलेल्या हवेत आवाज अधिक वेगाने जातो. शिवाय दाबलेली हवा स्वतःही पुढे सरकत असते. त्यामुळे लाटेचा माथा पायथ्याला गाठतो.

निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर दिंड्या चालतात तेव्हा पाहा. पुढची मंडळी सावकाश आणि मागची झपझप चालू लागली की पुढच्या टोकाला गर्दीची भिंत तयार होते. मोठ्या स्फोटाच्या लाटेचे तसेच होते. तिचा पुढचा भाग उभ्या भिंतीसारखा होतो. तिला धक्कालहर म्हणतात. अशा जोरदार आवाजांना साधा हिशेब लागू पडत नाही, म्हणून त्यांच्या अभ्यासाची वेगळी शाखाच आहे. तिला अरेषीय ध्वनिशास्त्र असे नाव आहे.

ही लहर काल्पनिक नाही. अर्न्स्ट माख आणि पेटर झाल्शर या दोघांनी धावत्या गोळीपुढे उभी राहणारी हवेची ही भिंत छायाचित्रात पकडली आणि १८८७ मध्ये ती माहिती प्रसिद्ध केली. तेही स्टिगरच्याच साम्राज्यात, त्याच्या तोफेआधी नऊ-दहा वर्षे. आपल्या नाशिकला तर तिची ओळख घरबसल्या आहे. ओझरच्या कारखान्यात जी लढाऊ विमाने बनली, ती आवाजापेक्षा वेगाने जातात. अशा विमानाची धक्कालहर जमिनीवर पोचली की खिडक्यांची तावदाने हादरतात.

मग गार का फुटत नाही?

पहिले कारण अंतराचे. तळ्यात दगड टाकला की लाट जसजशी पसरते तसतशी बारीक होते. बाराचा आवाज तर चोहोबाजूंनी पसरतो. तोफेपासून दहा मीटरवर जो दाब असेल तो पाच किलोमीटर उंचीवर केवळ पसरण्यामुळेच पाचशेपट कमी होतो आणि लाटेची शक्ती अडीच लाखपट कमी होते. शिवाय त्या उभ्या भिंतीचा एक गुण असा की ती आपलाच जोर उष्णतेत घालवीत जाते. जितकी तिखट तितकी लवकर बोथट. वर पोचेतो उरतो तो साधा, दूरचा आवाज.

दुसरे कारण ढगाच्या आकाराचे. उन्हाळ्याच्या तोंडी जमीन तापते, ओलसर गरम हवा जोराने वर चढते. आपल्याकडे साधारण चार-साडेचार किलोमीटरच्या वर गोठणाचा थर लागतो. त्याही वर पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतात आणि एखाद्या बर्फकणाला आदळले की त्यावर थिजतात. वर चढणारा वारा त्या कणाला झेलून धरतो आणि तो थरावर थर चढून वाढतो. लिंबाएवढी गार तोलून धरायला तो वारा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास लागतो. ज्या ढगात असे वारे आणि हजारो टन पाणी आहे, त्याला खालून टाळी वाजवून काय होणार?

तिसरे कारण मला सर्वांत पटले. ते समजायला पुस्तक लागत नाही. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेतली हवा सुमारे तीस हजार अंशांपर्यंत तापते आणि स्फोटासारखी फुगते. तोच आपला गडगडाट. जन्मतः तीही धक्कालहरच असते, तोफेच्या दणक्याहून कितीतरी मोठी, आणि ती खालून जात नाही, ढगाच्या पोटातच जन्मते. दणक्याने गार मोडत असती तर गडगडणाऱ्या ढगातून एकही गार खाली आली नसती. आपला अनुभव काय? जो ढग सर्वांत जास्त कडाडतो तोच गारा टाकतो.

देवळालीच्या बाजूची मंडळी तोफखान्याच्या सरावाचे दणके वर्षानुवर्षे ऐकत आहेत. त्यांनी आपल्या गावचा गारांचा अनुभव आठवून पाहावा.

हीच लहर जेथे काम करते

एवढ्यावरून ही लहरच कुचकामी असे समजू नका. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुतखड्याचा त्रास कोणाला ना कोणाला झालेला असतो. पूर्वी मोठ्या खड्याला पोट फाडण्यावाचून गत नसे. ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीत म्यूनिक येथे डॉ. ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथमच एका रोग्याचा मुतखडा न कापता, बाहेरून धक्कालहरी देऊन फोडला. यंत्र बनविले होते डॉर्नियर या विमाने बनविणाऱ्या कंपनीने. पुढे ही पद्धत जगभर गेली आणि आज ती आपल्या शहरांतील रुग्णालयांतही आहे.

एकच लहर खडा फोडते आणि गार फोडीत नाही, असे का? फरक नीट पाहा. त्या यंत्रात रोग्याला पाण्याच्या टबात ठेवीत. पाण्यात ठिणगी पाडून लहर उठवीत आणि ती वाटीसारख्या भांड्यावरून परतवून नेमकी खड्यावर एकत्र आणीत. लहान मुले भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणून कागद जाळतात तसे. अंतर काही सेंटिमीटरांचे, आपले शरीर बहुतांशी पाण्यासारखेच, म्हणून लहर वाटेत फारशी सांडत नाही. जेथे पोचायचे तेथेच तिचा जोर सर्वांत जास्त. तोफेचे सारे उलटे आहे. जोर तोफेच्या तोंडाशी आणि काम कित्येक किलोमीटर दूर.

आणखी एक फरक आहे. मुतखडा फुटला की नाही हे क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसते. तेथे "बार उशिरा काढला" अशी सबब चालत नाही.

तोफ परत आली

१९७० नंतर फ्रान्समध्ये नव्या तोफा विक्रीस आल्या. बंदुकीच्या दारूऐवजी ॲसिटिलीन वायू, बत्तीऐवजी आपोआप ठिणगी आणि दर काही सेकंदांनी एक बार. शास्त्र मात्र जुनेच. आपल्या देशात २०१० च्या सुमारास हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या बागांसाठी सिमला जिल्ह्यात परदेशी तोफा बसविण्यात आल्या. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.ने सोलनजवळच्या नौणी येथील फलोद्यान विद्यापीठाच्या साथीने कमी खर्चाची देशी तोफ तयार करण्याचे काम हाती घेतले. शास्त्रज्ञांनी तपासून पाहावे, यात वावगे काही नाही. तपासणे हेच त्यांचे काम. पण तपासणी चालू असणे वेगळे आणि उपाय सिद्ध होणे वेगळे. जागतिक हवामान संघटनेने आपल्या निवेदनांत स्पष्ट म्हटले आहे की अशा तोफांना शास्त्रीय आधार नाही.

मीही एकदा फसलो

तुम्हाला उपदेश करण्याआधी माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कांद्यावर फवारायचे एक द्रव माझ्या हाती आले. एका शेतकऱ्याच्या सबंध रानात ते फवारले. कांदा असा पोसला की पाहत राहावे. मी चार गावांच्या सभेत त्याचे गुण गायिले. सभा संपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. "साहेब, न फवारलेला वाफा कुठं ठेवला होता?" वाफा ठेवलाच नव्हता. त्या साली हवा चांगली होती आणि सगळ्यांचाच कांदा पोसला होता. पण तोवर माझ्या शब्दावर लोकांनी ते औषध विकत घेतले होते. पुढच्या वर्षी त्यांना काडीचाही फरक दिसला नाही. कृषी पदवीच्या अभ्यासात चाचणीचे धडे शिकलेला मी, आणि मला तो धडा पारावरच्या आजोबांनी शिकविला.

स्टिगरची चूक हीच होती. तो लबाड नव्हता. त्याने न डागलेला वाफा ठेवला नव्हता, एवढेच.

गारेच्या बाबतीत तर ही चूक फार सहज होते, कारण गार पट्ट्यात पडते. एक शिवार साफ आणि बांधापलीकडचे शाबूत. समजा दहा गावांनी तोफा घेतल्या आणि त्या वर्षी गार एकाच गावावर पडायची होती. नऊ गावे तोफेचे गोडवे गातील. ती नऊ गावे तोफ नसतानाही वाचणारच होती.

म्हणून गार थांबविणारे कोणतेही यंत्र कोणी दारात आणले तर चार प्रश्न विचारा. एक, तोफ नसलेल्या शेजारच्या गावांशी अनेक वर्षे तुलना केली आहे काय? दोन, ती तुलना विकणाऱ्याने केली की तिऱ्हाईताने? तीन, तोफ असूनही गार पडली तर पैसे परत मिळतील काय, आणि तसे लिहून देता काय? चार, गावापाशी वायूचा साठा आणि रात्री-अपरात्री होणारे बार यांची जबाबदारी कोणाची?

वर्गणी कोठे लावावी

गार आभाळात थांबविता येत नसेल तर ती बागेच्या डोक्यावर अडवावी. हिमाचलच्या सफरचंद बागांत गारपीटरोधक जाळ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. ज्या स्टिरिया प्रांतात तोफ जन्मली, तेथील ऑस्ट्रियातल्या सफरचंदाच्या बागांवरही आज जाळ्या दिसतात. आपल्याकडे द्राक्षावर प्लास्टिकचे आच्छादन घेणारे बागाईतदार आहेत. खर्च मोठा आहे, सांगाडा मजबूत हवा, ताण नीट हवा, आणि आच्छादनाखाली हवा खेळती राहिली पाहिजे, हे खरे. सबंध बाग झाकणे झेपत नसेल तर सर्वांत मोलाच्या तुकड्यापासून सुरुवात करावी. अनुदानाची चालू योजना कोणती आहे ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

दुसरे, विमा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात गारपिटीचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. ते घेतले नसेल तर गारेची भरपाई मिळत नाही आणि नंतर वाद घालून उपयोग होत नाही. नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून चालू हंगामाचे पत्रक स्वतः वाचा. नुकसानीची सूचना ठरलेल्या मुदतीतच द्यावी लागते. छायाचित्रे काढा, पोचपावती जपून ठेवा.

तिसरे, अंदाज. हवामान खात्याचा इशारा आता मोबाईलवर येतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप घरातील शिकलेल्या मुलाकडून उतरवून घ्या. इशारा आला की काढलेला कांदा झाका, जनावरे गोठ्यात घ्या, माणसे झाडाखालून हलवा. आणि गार पडून गेल्यावर हातपाय गाळू नका. मोडलेल्या काड्या, फुटलेले घड काढून टाका आणि जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याने लगेच फवारणी घ्या. द्राक्षासाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला उपलब्ध असतो.

पुन्हा पारावर

पंधरा दिवसांनी मी त्या गावी गेलो आणि ही सारी हकिगत सांगितली. ज्याने विषय काढला होता तो बागाईतदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पटतं साहेब. पण आभाळ काळं झालं की हात बांधून बसवत नाही हो."

मला वाटते, स्टिगरलाही तेच झाले असेल. वर्षभर पोटच्या पोरासारखी जपलेली बाग डोळ्यांदेखत झोडपली जाताना कोणाला गप्प बसवेल? घंटा वाजविणाऱ्यांनाही बसवले नाही. काहीतरी करावे ही इच्छा चुकीची नाही. पण ते 'काहीतरी' ढग येण्याच्या आधी, कोरड्या दिवसांत करावयाचे असते. जाळीचे खांब उन्हात रोवावे लागतात, विम्याचा हप्ता निरभ्र आभाळाखाली भरावा लागतो.

गावाची वर्गणी त्या दिवशी ठरली नाही. काहींच्या मनात तोफ अजून आहे आणि तो त्यांचा अधिकार आहे. मी निघालो तेव्हा ती माउली वाटेत थांबली होती. तिने हिशेब करून ठेवला होता. "भाऊसाहेब, वर्गणीत थोडी भर घातली तर विहिरीकडच्या दहा गुंठ्यांवर जाळी होते. कुठली जाळी घेऊ तेवढं सांगा."

पुढच्या आठवड्यात तिचा मांडव मोजायला मी टेप घेऊन जाणार आहे.